दोन्ही बाजूंचे लिहिणारे शंभूनाना

एका गावाला बाजारातून जाणारा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्याच्या कडेला एक अर्ज लिहून देणारा बसायचा. नाव शंभूनाना. पुढ्यात टेबल, टेबलावर कागद, डोक्यावर छत्री. कोणाला विहिरीसाठी अर्ज हवा असो, कोणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असो, नाना असं लिहून द्यायचे की साहेब वाचता वाचता खुर्चीत सरळ होऊन बसायचे.

पुढं कचेरीत छापील फॉर्म आले. नुसत्या रकान्यांत नाव-गाव भरायचं. तिथं नानांच्या भाषेला कोण विचारतो? नाना दिवसभर माश्या मारत बसू लागले.

अशात गावाचा एक मोबाइल ग्रुप निघाला. नाव ‘आपलं गाव, आपला रस्ता’. सुरुवातीला सगळे एकमेकांना फुलांची चित्रं पाठवायचे. मग एके दिवशी शाळेच्या कुमुदिनीबाई सायकलवरून जात असताना भांड्यांच्या दुकानाबाहेर रचलेल्या हंड्यांच्या उतरंडीला त्यांच्या हँडलचा धक्का लागला. हंडे गडगडत थेट देवळापर्यंत गेले. दुकानाचे मालक पोपटशेठ यांनी ग्रुपवर लिहिलं, “सायकलवाल्यांना डोळे नाहीत.” बाईंनी लिहिलं, “रस्ता म्हणजे दुकान नाही.” आणि फुलांची चित्रं त्या दिवसापासून बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना बाईंनी नानांच्या टेबलापाशी सायकल थांबवली.

“नाना, मला राग भरपूर येतो, पण लिहायला बसलं की निबंध होतो. जरा झोंबेल असं काही लिहून द्या. कोणाला सांगू मात्र नका.”

कित्येक महिन्यांनी नानांची बोटं शिवशिवली. त्यांनी लिहिलं, “शेठ, तुमची पातेली इतकी पुढं आली आहेत की परवा एक जावई तुमच्या दुकानातच पाय धुवायला बसला. त्याला वाटलं, सासरचं अंगण आलं!”

बाईंनी ते आपल्या नावानं ग्रुपवर टाकलं आणि गाव दिवसभर हसत होतं.

दुपारी दुकानाला कुलूप लावून पोपटशेठ हळूच आले. “नाना, त्या बाईंना असं उत्तर द्या की चेन उतरली पाहिजे. आणि हे आपल्या दोघांतच.”

एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही, हा धंद्याचा नियम नानांनी आयुष्यभर पाळला होता. तो त्यांनी आताही पाळला. त्यांनी लिहिलं, “बाई, सायकल हलकी असते हे खरं. पण तिच्यावर बसलेली घमेंड ओढायला चार बैलही कमी पडतील.”

गाव पुन्हा हसलं. आधी बाईंच्या बाजूनं हसलेले आता शेठच्या बाजूनं हसले, एवढाच फरक.

मग हा रोजचा शिरस्ता झाला. सकाळी बाई, दुपारी शेठ. गावात सायकलवाले आणि पायी चालणारे पायवाले असे दोन तट पडले. न्हावी दाढीला साबण लावायच्या आधी विचारायचा, “तुम्ही कुठल्या बाजूचे?” मुलगा सायकलवर आला म्हणून एका घरातलं ठरत आलेलं लग्न पोह्यांवरच थांबलं. मुलीचे वडील पायवाले होते.

नाना मात्र खुशीत होते. संध्याकाळी पारावर लोक दोन्हीकडची वाक्यं मोठ्यानं वाचायचे आणि नाना भोळा चेहरा करून विचारायचे, “अरे वा! कोणी लिहिलं हो हे?” एकदा तर फजितीच झाली. सकाळी बाईंसाठी त्यांनी असं काही बिनतोड लिहिलं की दुपारी शेठसाठी त्यांना उत्तरच सुचेना. डोकं धरून ते स्वतःलाच शिव्या देत बसले आणि शेवटी दुसऱ्या दिवशीचा वायदा केला.

नानांच्या टेबलासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पोपटशेठच्या दुकानाला लागून गोदाक्काची चहाची टपरी होती. केटली आणि पेले घेऊन ती दिवसातून वीस वेळा रस्ता ओलांडायची. उजव्या कानानं तिला ऐकू येत नसे. एकदा नानांपुढं चहा ठेवत ती म्हणाली, “नाना, हे भांडण मिटवायचा अर्ज नसतो का हो?”

“असतो की. पण तो वाचतो कोण?” नाना हसले आणि चहा प्याले.

असं होता होता बाजाराचा दिवस उजाडला. त्या दिवशी घाई म्हणून बाई आणि शेठ दोघंही सकाळीच, पण मागेपुढे, येऊन आपापला मजकूर घेऊन गेले. साडेदहाच्या सुमाराला दोन्ही निरोप एका मिनिटाच्या अंतरानं ग्रुपवर पडले.

शाळेला निघालेल्या बाईंनी एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन शेठचं उत्तर वाचायला सुरुवात केली. घंटीवर हातच नव्हता, मग ती वाजणार कशी? त्याच वेळी पोपटशेठ दुकानातून उतरले तेही बाईंचा निरोप वाचत, पाऊल कुठं पडतंय ते न बघता. आणि नाना? नाना टेबलावर कोपर टेकून आपले दोन्ही मजकूर आळीपाळीनं वाचत होते. दोन्ही त्यांना फार आवडले होते.

रस्त्याकडं बघून चालणारी एकटी गोदाक्का होती. तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडून सायकल आली. सायकल चुकवायला ती मागं सरली, ती शेठच्या पोटावर. शेठ हंड्यांवर, बाई शेठच्या हंड्यांपलीकडे आणि उकळत्या चहाची केटली गोदाक्काच्या पायावर.

नानांनी मान वर केली तेव्हा हंडे अजून गडगडत होते.

बाई आणि शेठ उठले आणि दोघांनीही पहिल्यांदा आपापला मोबाइल फुटला नाही ना, हे पाहिलं. मग समोरासमोर उभे राहिले. गावही गोळा झालं. आता काहीतरी भन्नाट ऐकायला मिळणार म्हणून लोकांनी श्वास रोखले.

“तुम्ही… तुम्ही ना…” बाई म्हणाल्या.

“तुम्हीच! म्हणजे… तुम्हीच तर…” शेठ म्हणाले.

पुढचं कोणालाच येईना. दोघांनीही नकळत नानांच्या टेबलाकडं पाहिलं.

पण नाना टेबलापाशी नव्हते. पिण्याच्या पाण्याचा माठच उचलून ते धावले होते आणि रस्त्यात बसून गोदाक्काच्या पायावर पाणी ओतत होते. गोदाक्का रडत नव्हती, ओरडतही नव्हती. नुसती दातांवर दात धरून बसली होती. तिच्या पावलावरची कातडी लालबुंद झाली होती. सकाळी लिहिलेलं एकही वाक्य नानांना आठवेना.

दवाखान्यात पट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पाय टेकायचा नाही.

दुपारी शेठ आले. “नाना, आता असं लिहा की बाईंनी सायकल भंगारात घालावी!” शाळा सुटल्यावर बाई आल्या. “नाना, आता असं लिहा की शेठनं गावच सोडावं!” दोघांनाही नाना म्हणाले, “उद्या बघू.”

दिवस कलताना ते गोदाक्काच्या घरी गेले. ती पाय उशीवर ठेवून बसली होती.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “मला लिहिता येत नाही. ग्रुपवर माझा एक निरोप टाकायचाय. लिहा: मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. टपरीपाशी सायकल जरा हळू चालवा आणि मी बघेपर्यंत थांबा. शेठ, दोन उतरंडी आत घ्या, म्हणजे मला बाजूला व्हायला जागा होईल. पाय बरा झाला की चहा परत सुरू करीन.”

नानांनी लिहून घेतलं आणि सवयीनं म्हणाले, “आक्का, थोडा मीठमसाला घालू का? म्हणजे असं की, ज्यांना दोन्ही कान आहेत तेच या गावात जास्त बहिरे…”

“नको.”

“अहो, लोकांच्या काळजाला भिडेल!”

“नाना, तुमचं वाचून लोक म्हणतात, काय लिहिलंय! माझा पाय कोणाला दिसायचा नाही.”

नानांच्या लक्षात आलं: तुमचं वाचून, असं ती म्हणाली होती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. वीस वेळा रस्ता ओलांडणारीला टेबलापाशी कोण थांबतं ते दिसणारच. हवं तर तो निरोप टाकून घरी जाता आलं असतं. कोणी विचारलं नसतं, आणि उद्या सकाळी बाई आल्याच असत्या, दुपारी शेठही. ग्रुपवर त्यांच्यासारखं लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मग त्यांनी गोदाक्काचा निरोप ती बोलली तसाच टाकला आणि त्याखाली आपल्या नावानं लिहिलं, “या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी झोंबणारं जे जे आलं, ते मी लिहिलं. कोणासाठी, ते विचारू नये. आज सकाळचंही माझंच होतं. चूक झाली. शंभू.”

आयुष्यात एवढा छोटा मजकूर त्यांनी कधी लिहिला नव्हता.

मग जे सुरू झालं! सायकलवाले आणि पायवाले कित्येक आठवड्यांनी एका बाजूला आले आणि सगळे मिळून नानांवर तुटून पडले. ‘ढोंगी’, ‘कळलाव्या’, ‘दुतोंडी’. आणखी पुष्कळ काही, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. नानांनी एकही चूक दुरुस्त केली नाही.

सकाळी बाई आणि शेठ एकाच वेळी टेबलापाशी येऊन थडकले.

“तो पाय धुणारा जावई तुमचा होता?” शेठ गरजले.

“हो.”

“आणि माझ्या सायकलवरची घमेंड? चार बैलांची?” बाईंनी विचारलं.

“तीही माझीच.”

शेठ बाईंकडं वळले. त्यांचा आवाज जरा खाली आला. “खरं सांगू का बाई, तो जावई मी घरी वाचून दाखवला होता. बायको इतकी हसली की भाजी करपली.”

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. “आमच्या वर्गातली पोरं चार बैल म्हणूनच हाका मारतात मला.”

तिघंही हसले. मग समोरच्या बंद टपरीकडं नजर गेली आणि हसू थांबलं.

“किती आत घेऊ?” शेठनी विचारलं.

“दोन उतरंडी म्हणालीय ती,” बाई म्हणाल्या. “आणि मी टपरीपाशी उतरून चालत जाईन. सगळ्या सायकलवाल्यांना सांगते.”

शेठनी दोरी आणली. दुकानापासून रस्ता मोजला आणि मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की हंड्यांपेक्षा नानांचं टेबलच रस्त्यात जास्त पुढं आलंय. इतके दिवस त्याबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण लिहिणारे नानाच होते! बाईंनी एक बाजू धरली, शेठनी दुसरी आणि टेबल नानांसकट मागं सरकवलं.

तीन आठवड्यांनी गोदाक्काची टपरी उघडली. ग्रुप आता अगदी रटाळ झाला. “उद्या माझी भांड्यांची गाडी येणार आहे. दहा ते अकरा अडचण होईल. माफी.” “चालेल शेठ. आम्ही मागल्या गल्लीनं जाऊ.” वाचून कोणी हसत नसे. पण कोणी पडतही नसे.

पुढं एकदा एक रिक्षावाला तणतणत नानांकडं आला. “नाना, त्या भाजीवाल्यांना ग्रुपवर असं काही सुनवायचंय की आयुष्यभर लक्षात राहील!”

नानांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. “तुमची अडचण काय आहे, ती आधी सांगा.”

रिक्षावाला म्हणाला, “वळताना त्यांच्या टोपल्यांना चाक लागतं हो. रोज.”

“बरं,” नाना म्हणाले, “मग एवढंच लिहू.”

आणि त्यांनी तेवढंच लिहिलं.

तात्पर्य: मोबाइलवरच्या भांडणात कोण जिंकलं हे दोन दिवसांत सगळे विसरतात, पण रस्ता दोघांना रोज वापरायचा असतो, म्हणून टोमणा सुचला तर तो गिळावा आणि आपली अडचण साध्या, सभ्य शब्दांत सांगावी.