वेशीवरचे तीन प्रश्न

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा होता. मनाचा चांगला, हाताचा मोकळा, पण कानाचा हलका. कुणी नुसतं 'महाराज उदार' म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. राजाला कौतुक आवडलं तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं हो, फार बिघडलं. तेच तर सांगायचं आहे, ऐका.

त्या नगराला एकच वेस होती, आणि वेशीचा एक जुना रिवाज होता. येणारा सावकार असो की बैरागी, पहारेकरी काठी आडवी धरून तीन प्रश्न विचारायचे. कोण? कुठून? आणि रात्री टेकणार कुठे? ज्याला तिसऱ्याचं उत्तर देता यायचं नाही, त्याला ते स्वतः धर्मशाळेत पोचवून यायचे. तटाखालच्या खड्यांत टिटव्या राहायच्या. टिटवीला घरटं नसतं. उघड्यावर अंडी घालते, आणि परकं पाऊल दिसलं की ओरडून रान उठवते.

राजाचा प्रधान मतिधर. गोड बोलण्यात त्याचा कुणी हात धरला नसता. एके दिवशी तो म्हणाला, "महाराज, पाहुण्याला कोण, कुठून असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. उदार राजाच्या वेशीला प्रश्न शोभत नाहीत."

राजा म्हणाला, "बंद करा."

"काठ्यांना लेकरं भितात, महाराज."

"काढून घ्या."

"टिटव्या अपशकुनी ओरडतात."

"हाकला."

तीन हुकमांत नगर उदार झालं. पहारेकऱ्यांच्या हाती काठीच्या जागी मोरचेल आलं. धर्मशाळेत कुणाला पोचवायला कोणी येईना, तेव्हा तिथं प्रधानाचे पाहुणे उतरू लागले.

आता दूर काळ्या डोंगरावर धूम्रकेश नावाचा जादूगार राहायचा. त्याला ना सोनं हवं होतं, ना जमीन. लोकांनी आपल्याला भ्यावं, एवढीच त्याची हौस. त्यानं राखेचं गाठोडं मंतरलं. ज्याच्या अंगावर ती राख उडेल, तो दगड. त्याचा माणूस ते गाठोडं काखोटीला मारून भर दुपारी वेशीतून आत आला. पहारेकऱ्यानं त्याला मोरचेलानं वारा घातला! तो चौकात गेला, राख उधळली, उरलेली बांधली आणि आल्या पावली परत गेला. उभा बाजार दगड झाला.

राजा रडला. खरोखर रडला, खोटं कशाला सांगा. प्रधान म्हणाला, "महाराज, धूम्रकेशाचं नाव घेऊ नये. लोक बिथरतात. वाऱ्याची खोडी म्हणावं." तशी दवंडी पिटली. मग दगड झालेल्यांच्या आठवणीसाठी चौकात फुलबाग करायचं ठरलं, आणि बागेला जागा हवी म्हणून चौकाभोवतीची घरं पाडली. ज्यांची माणसं दगड झाली, त्यांचीच छपरं गेली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय! ती माणसं तटाखाली येऊन पडली. स्वारी तिकडून जाताना महाराजांचं मन खट्टू होऊ नये, म्हणून प्रधानानं त्यांच्यापुढं लांबलचक कनात लावली. कनातीवर मोर रंगवले होते. राजाला ते मोर आवडायचे.

वर्ष उलटलं. राजा आपली एकुलती लेक इरावती हिला घेऊन फुलबागेत फुलं वाहायला गेला. गर्दीत एक माणूस गाठोड्याची गाठ सोडत होता. सगळे फुलांकडं पाहत होते, इरावती त्याच्याकडं. ती बोट दाखवून म्हणाली, "आबा, हा कोण..." आणि राख उडाली. राजा वरच्या पायरीवर होता, वाचला. माणूस गर्दीत पसार झाला. लेक दगड झाली. तोंड उघडंच राहिलं, बोट पुढंच राहिलं.

प्रधान धावत आला. "महाराज, यंदाही वाऱ्यानं..."

"गप!" राजा ओरडला. जन्मात पहिल्यांदा ओरडला.

राजा लेकीपाशी बसून राहिला. ना अन्न, ना पाणी. तेवढ्यात कुठूनशी एक टिटवी आली आणि इरावतीच्या दगडी खांद्यावर बसली.

"राजा," टिटवी म्हणाली, "ओरडणाऱ्यांना हाकललंस. आता हे गप्प बसलेले बघत बस."

राजा म्हणाला, "बोल, हवं ते बोल. पण माझी लेक परत कशी येईल ते सांग."

"परवाच्या पौर्णिमेचं चांदणं पडलं की हे दगड तडकतील, मग कुणी परत येत नाही. त्याआधी तीन कामं कर. एक, हातात काठी घेऊन दिवसभर वेशीवर उभा राहा, विचारल्यावाचून एकालाही आत सोडू नको. दोन, ज्याला टेकायला जागा नाही त्याला ती मिळेतो तू छपराखाली पाय ठेवू नको. तीन, या चौकात उभा राहून जे घडलं त्याला त्याच्या नावानं हाक मार, आणि स्वतःची चूक आधी सांग."

"पहिली दोन करीन," राजा म्हणाला आणि थांबला.

"तिसरं जड आहे," टिटवी म्हणाली. "म्हणून तर शेवटी ठेवलं."

पौर्णिमेच्याच दिवशी, दिवे लागल्यावर, चौकात शांतीचा उत्सव करायचा घाट प्रधानानं घातला होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथं तर झोपाही केला नव्हता, नुसती तोरणं बांधली होती. देशोदेशीचे पाहुणे येणार होते. राजा तांबडं फुटायला वेशीवर जाऊन उभा राहिला. कोठारात पडलेल्या काठ्या त्यानं पहारेकऱ्यांना परत दिल्या, एक आपण घेतली. येईल त्याला विचारू लागला. कोण? कुठून? रात्री टेकणार कुठे? कुणी हसलं, कुणी चिडलं, पण उत्तर सगळ्यांनी दिलं.

उन्हं चढली तशी नदीकडून एक बाई डोक्यावर घागर घेऊन आली. राजानं काठी आडवी धरली. "कोण?"

"राहीबाई. चौकातली कुंभारीण."

"कुठून?"

"नदीवरून."

"रात्री टेकणार कुठे?"

राहीबाईनं घागर खाली ठेवली. "महाराज, वर्षभर या तटाखाली पडलेय. माझा धनी चौकात दगड होऊन उभा आहे, माझं घर होतं तिथं तुमची शेवंती फुललीय. पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." आणि ती ढसढसा रडली.

"तटाखाली? कुठं आहे इथं कुणी?" राजा म्हणाला.

"मोरांच्या मागं, महाराज."

राजानं कनातीला हात घातला आणि एका हिसक्यात ती खाली ओढली. मागं माणसंच माणसं. म्हातारी, तान्ही, तापानं फणफणलेली. त्यानं तिथल्या तिथं हुकूम सोडला: धर्मशाळा यांना उघडा, तिथं मावणार नाहीत त्यांना राजवाड्याच्या ओसऱ्या उघडा.

प्रधान धापा टाकत आला. "महाराज, तिथं उत्सवाचे पाहुणे उतरायचेत!"

"पाहुण्यांना आधी आपली माणसं बघू देत," राजा म्हणाला.

माणसं एकेक करून आत गेली. राहीबाई मात्र घागरीपाशी बसून राहिली. म्हणाली, सगळी पोचली की मग मी.

उन्हं कलली. एक मखमली मेणा आला. प्रधान पुढं होऊन वाकला. "महाराज, हे मोठे विद्वान, खास निमंत्रणावरून आलेत. यांना विचारू नये, बरं दिसत नाही." राजाची काठी क्षणभर खाली आली. जुनी खोड, अशी सुटते थोडीच! पण लेकीचं उघडं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं, आणि काठी पुन्हा वर गेली.

"कोण?"

"पंडित विश्वमित," मेण्यातला माणूस गोड हसला.

"कुठून?"

"पूर्वेकडच्या विद्यापीठातून."

"रात्री टेकणार कुठे?"

माणूस गडबडला. "रात्री? छे छे, मी दिवे लागायच्या आत परत निघणार."

"उत्सव तर दिवे लागल्यावर आहे," राजा म्हणाला.

माणसानं काखेतलं गाठोडं घट्ट धरलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तो घोकून आला होता. तिसरं कुणी विचारील, हे त्याच्या गुरूलाही सुचलं नव्हतं. तोच राहीबाई उठली आणि मेण्यात डोकावली. "अगं बाई! हाच तो! गेल्या खेपेला, तुम्ही फुलं वाहायला गेलात त्याच्या आदल्या रात्री, आमच्यात येऊन निजला होता. मी भाकरी पुढं केली तर हात लावीना, काखेतलं गाठोडं काही सोडीना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" प्रधान खेकसला.

"कुणाला सांगायचं? कनातीला?" राहीबाई म्हणाली.

माणसानं गाठीला हात घातला. टिटवी कर्कश ओरडली, पहारेकऱ्याची काठी त्याच्या मनगटावर बसली, आणि राहीबाईनं गाठोडं उचलून भरल्या घागरीत कोंबलं. राख भिजली आणि मेली. त्याच घटकेला काळ्या डोंगरावरचा धूर विरला, धूम्रकेश मूठभर कोळसा होऊन पडला. माणसाला बेड्या घातल्या.

पण दगड दगडच होते. चंद्र तटामागं येऊन ठेपला होता. राजा चौकात धावला. सगळं नगर तोरणांखाली जमलं होतं. राजा पायरीवर चढला. उदार, उदार म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांच्यापुढं हे बोलायचं. चांदणं तटावरून खाली उतरू लागलं.

"वारा नव्हता तो," राजा म्हणाला. "पण आधी माझी चूक ऐका. मला उदार म्हणवून घ्यायचं होतं. म्हणून मी प्रश्न बंद केले, काठ्या काढून घेतल्या, टिटव्या हाकलल्या. धूम्रकेशानं तुमची माणसं मारली, आणि त्याचा मारेकरी माझ्या उघड्या वेशीतून आत आला. तुमची घरंही मीच पाडली."

मग गर्दीतून राहीबाईचा आवाज आला. "आणि कनात, महाराज?"

राजानं मान खाली घातली. "कनातही माझीच, बाई."

तेवढंच उरलं होतं. ते सुटलं आणि दगड सुटले. कुणी अर्धं राहिलेलं हसू पुरं केलं, कुणी वर्षापूर्वीची शिंक शिंकलं. राहीबाईचा कुंभार म्हणाला, "अगं, घर कुठं गेलं आपलं?" आणि पायरीखाली इरावतीचं बोट हललं.

"...आहे हो?" ती म्हणाली. "सांगा ना आबा, हा कोण आहे?"

साऱ्या गर्दीत एवढ्या एका पोरीनं विचारलं होतं. राजा खाली बसला, तिला पोटाशी धरलं, आणि कोण होता, कुठून आला, कसा आला, सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

बाग मोडून घरं पुन्हा बांधली. कनात फाडून तान्ह्यांसाठी झोळ्या शिवल्या. मतिधराला राजानं हाकललं नाही. मोरचेल हाती देऊन वेशीवर बसवलं, टिटव्यांच्या अंड्यांवर ऊन येऊ नये म्हणून.

पुढं एकदा राजा एकटाच रानातून परतला. वेशीवर नवा पहारेकरी होता. त्यानं काठी आडवी धरली. कोण? सुकेतू. कुठून? रानातून. रात्री टेकणार कुठे?

"माझ्या घरी," राजा म्हणाला. "आणि बाबा, तुझं घर कुठं?"

"धर्मशाळेमागं, महाराज. नवंच बांधलंय," पहारेकरी म्हणाला, आणि काठी बाजूला झाली.

वेशीला राखण, माणसाला आसरा, टिटवीला आपले खडे. कहाणी दारोदार हिंडली, इथं टेकली. तिला आता इथंच निजू द्या.