मिर्तोच्या शेजारचा वाडगा

“मग तुम्ही रडताय कशाला, गुरुजी?”

निकानोरने हे जरा मोठ्यानेच विचारलं. म्हातारा फानियास भिंतीलगत वाडगे मांडत होता आणि त्याचे डोळे वाहत होते.

अथेन्सच्या वेशीबाहेरची ही बाग. सुख हेच जगण्याचं ध्येय, असं इथे शिकवत. शहरात लोक म्हणत, आत रोज मेजवान्या झडतात. आत जवाची भाकरी असे, पाणी असे, आणि क्वचित कधी चीज.

आज चीज होतं. महिन्यातून एका संध्याकाळी बागेतले लोक आपल्या मेलेल्या मित्रांचे वाडगे रांगेत मांडत. प्रत्येकात एक तुकडा ठेवत. त्या माणसाची एखादी आनंदाची आठवण सांगत. मग स्वतः जेवत.

रांगेत मिर्तोचा वाडगा आज पहिल्यांदाच आला होता. तरुणपणापासून ती फानियासच्या शेजारी बसून जेवली होती.

“दुःख टाळा, हे तुम्हीच शिकवलंत,” निकानोर म्हणाला. “मी ते करून दाखवलं.”

“काय केलंस?”

“फिलिनोस आजारी आहे. वैद्याने आशा सोडली. त्याची आई रोज निरोप धाडते. तो म्हणे दाराकडे तोंड करून पडलेला असतो. जरा कुठे वाजलं की माझं नाव घेतो.”

“आणि?”

“मी गेलो नाही. गेलो असतो तर मनाची शांती ढळली असती.”

फानियासने पुढचा वाडगा रांगेत सरळ केला.

“शाबासकी नाही तर नाही. चूक असेल तर चूक म्हणा.”

“लहानपणापासूनचा मित्र ना तो?”

“एकाच गल्लीतले आम्ही. पोहायला त्यानेच शिकवलं मला. म्हणजे, पाण्यात ढकलून दिलं.” निकानोर हसला. ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

“मिर्तो माझ्या वाटणीचं चीज चोरायची,” फानियास म्हणाला. “वर म्हणायची, म्हाताऱ्या, तुझा लोभ कमी करतेय.”

“आता ती नाही. दुखत नाही तुम्हाला?”

“दुखतं.”

“मग मैत्री करून मिळवलंत काय?”

फानियासने हातातला तुकडा मोडला. अर्धा मिर्तोच्या वाडग्यात ठेवला.

मग गुडघ्यांवर हात टेकून तो उठला. जेवणाच्या चटईवर निकानोरचा वाडगा होता, तो घेऊन आला. उरलेला अर्धा तुकडा त्यात ठेवला, आणि वाडगा मिर्तोच्या शेजारी मांडला. भिंतीलगत. मेलेल्यांच्या रांगेत.

“हा माझा आहे,” निकानोर म्हणाला.

फानियास त्या वाडग्यासमोर बसला. थोडा वेळ आठवत राहिला.

“याला पोहता यायचं,” तो हळूच म्हणाला. “एका मित्राने शिकवलं होतं.”

निकानोरने वाडग्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

“गुरुजी.” निकानोरचा आवाज फाटला होता. “मी जिवंत आहे.”

फानियासने मान वर केली नाही.

“दाराकडे तोंड करून पडलाय, त्याला सांग.”