हन्नाची मूठ

एक होता राजा. पण त्याला सिंहासनावरच बसू द्या, बरं का. आपली गोष्ट त्याच्या राज्यातील एका लहानशा ख्रिस्ती गावाची आहे.

त्या गावाची रीत मोठी सुंदर होती. तांदूळ चुलीवर चढवण्यापूर्वी प्रत्येक घरी त्यातली एक मूठ गाडग्यात बाजूला काढीत आणि रविवारी ते गाडगे देवळातल्या रांजणात रिते करीत. ज्याच्या घरी चूल पेटत नसे, त्याने तिथून न्यायचे. कोणी दिले, कोणी नेले, हे विचारायचे नाही.

तिथे सलोमीबाई राहत. घरात माणसे दोनच: त्या आणि आईबापावेगळी नात हन्ना, वय वर्षे पाच. तांदळाची कणगी मात्र आढ्याला टेकलेली! रीत मोडणे सलोमीबाईंना शोभले नसते. मग त्यांनी काय केले? रोज मूठ काढायला हन्नाचा हात पुढे केला.

शेजारची रिबेका हसली. "सलोमीमावशी, ही मूठ आहे की चिमणीची चोच?"

"मूठ ती मूठ! पवित्र शास्त्रात माप लिहिलंय का?"

पाहा, जाणती माणसेसुद्धा अशी चुकतात.

मग एका वर्षी पाऊस पडला नाही. रांजणाचा तळ दिसू लागला. सलोमीबाई घाबरल्या आणि त्यांनी ती इवलीशी मूठही बंद केली. आणि काय नवल! सोमवारी त्यांनी शेरभर तांदूळ शिजवले. झाकण काढले, तर आत भात हन्नाच्या मुठीएवढा. मंगळवारी दोन शेर टाकले, भात तेवढाच. बुधवारी हंड्यात पायलीभर ओतले. तरी भात तेवढाच, शीतभरही अधिक नाही. तो घास सलोमीबाई हन्नाला भरवीत आणि स्वतः पाणी पिऊन राहत. हे कशामुळे होते, ते त्यांनी ओळखले होते. कबूल करणे तेवढे जड जात होते.

शनिवारपर्यंत हन्नाचे गाल बसले.

रविवारी भाताची वाटी पुढे ठेवताच हन्ना ती उचलून दाराकडे निघाली.

"कुठे गं?"

"देवळात. आपलं गाडगं रिकामं आहे ना, आजी."

"अगं, मग तू काय खाशील?"

हन्ना थांबली. तिने वाटीत पाहिले. "एवढासाच आहे. पण मूठ ती मूठ ना?"

सलोमीबाईंनी खाली पाहिले, स्वतःच्या रुंद, हाडापेराच्या हाताकडे. मग कोयता घेतला आणि कणगीचे लिंपण फोडले. तांदूळ धो धो अंगणात आला.

"रिबेके, सूप आण! गावाला सांग, गाडगी नकोत, पोती आणा!"

रिबेका चकित झाली. "मावशी, तुमच्यासाठी किती ठेवू?"

"एक मूठ," सलोमीबाई ताठ मानेने म्हणाल्या. "हन्नाच्या हाताची."

दुपारी ती मूठ चुलीवर चढली. आणि भात असा फुलला, असा फुलला, की झाकण वर उचलले गेले! दोघी पोटभर जेवल्या.

ती कणगी पुन्हा कधी भरली नाही, बरं का. पण त्या घरची चूलही कधी विझली नाही. आणि सारा गाव सुखाने नांदला.

ती हन्ना म्हणजे माझी आजी. म्हणून आपल्या घरात मूठ मोठ्या माणसाच्याच हाताने काढतात, आणि काढताना बोटे आवळत नाहीत. हे कोणालाही मान वर करून सांगा.

आता प्रार्थना म्हणा आणि निजा. मुठी उघड्या ठेवून, हं.