खांड्याला माळ घातलेली राजकन्या

पाय पोटाशी घ्या नि ऐका. एक होती राजकन्या, कनकावती. बापाकडे सोन्याच्या राशी, आणि ही नाकावर माशी बसू देईल तर शपथ! एक राजा आला, त्याचे कान मोठे. दुसरा आला, त्याचे हत्ती थोडे. तिसऱ्याला तर न बघताच हसली.

हे गेलं सातडोंगरीच्या यशोधर राजाच्या कानावर. तोही काही कमी नव्हता, बरं का. म्हणाला, "मी नाही जात तिच्या दारी. माझा खांडा जाईल." त्या काळी मोठ्या घरांत तशी रीतच होती. नवरा आला नाही तर नवरी त्याच्या तलवारीला, म्हणजे खांड्याला, माळ घालायची. सातडोंगरी म्हणजे केवढं राज्य! कनकावतीनं खुशाल माळ घातली.

खांडा घेऊन आला होता एक चाकर, भिवा. तुम्हाला म्हणून सांगते, तिला सांगू नका, तो भिवा म्हणजेच राजा! मेल्याला नवरी बघायची होती, पण मान वाकवायची नव्हती.

मग निघाली सासरी. वऱ्हाड गोगलगायीच्या चालीनं, म्हणून कनकावतीनं घोडा पुढे काढला. मागे भिवा धावतोय. तिला लागली तहान. "भिवा, चांदीच्या पेल्यात पाणी आण!" भिवानं पळसाच्या पानांचा द्रोण पुढे केला. "बाईसाहेब, रानात हाच पेला." आधी फणकारली, मग गटागटा प्याली.

मग आडवी आली नदी. ती बोलायची, बरं का. म्हणाली, "जड माणसांना मी पलीकडे नेत नाही." कनकावतीनं तोडे काढले, वाक्या काढल्या, मुकुट काढला, दिले भिरकावून. पलीकडे पोचली ती गाणं म्हणतच.

मग लागली भूक. भिवाच्या पडशीत पीठ होतं. हिनं जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्ची! भिवानं सगळी खाल्ली नि विचारलं, "अजून आहे?" झालं! तिथंच तिचा जीव जडला. आणि रडायलाच आलं तिला. माळ राजाला घातली नि जीव चाकरावर, आता करायचं काय?

राजवाडा आला. सिंहासन रिकामं. कनकावतीनं खांडा पायरीवर ठेवला नि प्रधानाला ठणकावलं, "तुमच्या राजाला सांगा, सातडोंगरी त्यांना लखलाभ. मी ह्या भिवाच्या भाकऱ्या थापणार!" दरबार हसू दाबतोय. भिवा आनंदानं ओरडला, "अगं, मीच तो राजा!"

आता ही खूश झाली असेल ना? छे! "राजाला तर मी आत्ताच नको म्हटलं! चाकर होतात तेव्हा घोड्यामागे धावलात, आणि राजा म्हणून माझ्या दारी यायची लाज वाटली?" गेली की तरातरा माहेरी.

यशोधर गादीवर बसून राहिला असता, तर जन्मभर एकटाच बसला असता. पण उठला. घोडा नाही, छत्र नाही, पायी निघाला. भर दुपारी, सगळ्या नगरीदेखत तिच्या बापाच्या दारात उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "महाराज, मुलगी मागायला आलोय. देता का?"

बापानं तोंड उघडायच्या आतच आतून आवाज आला, "बाबा, आधी त्यांना बसायला पाट द्या. उन्हातून आलेत."

मग पुन्हा लग्न लागलं, ह्या खेपेला नवऱ्यासकट. दोघं सुखानं नांदली, अधूनमधून भांडलीसुद्धा. कोण हसतंय रे गोधडीत? मिटा डोळे, झोपा मुकाट्यानं.