कल्हई आणि कलप

आमच्या कोंडाबाई कुंभारणीला माती खणताना एक जुनापुराणा तांब्याचा वाडगा सापडला. तांब्यात ताक कळकतं म्हणून तिनं आधी त्याला आतून-बाहेरून कथलाची कल्हई लावून घेतली आणि मग सरकारला कळवलं. तपासायला पुरातत्त्व खात्याचा डॉक्टर उपासनी आला. वय साठीचं, हातात धातू ओळखणारं पिस्तुलासारखं मशीन आणि मान अशी ताठ, की तांबं जणू त्यानंच शोधलं.

वाडग्याला मशीन टेकवून तो म्हणाला, "नुसतं कथील दाखवतंय. इथलं जुनं तांबं चार हजार वर्षांपूर्वीचं, तेव्हा असली कथलाची भांडी नव्हती. नकली माल आहे. बाई, पोलिसात देईन तुम्हाला."

"साहेब, ती वरची कल्हई आहे," कोंडाबाई म्हणाली. "जरा खरवडून बघा."

"मला शिकवू नका. मशीन खोटं बोलत नाही."

"मग तेच तुमच्या डोक्याला लावा की. केस काळेभोर आहेत, वय पंचवीस निघेल. तुमचा तो कलप, माझी ही कल्हई."

सगळा गाव फिदीफिदी हसला. डॉक्टरानं कानस मागितली, वाडग्याचं बूड घासलं आणि पुन्हा मशीन लावलं. आत जुन्या काळचं तांबं निघालं. रिपोर्ट त्यानं खरा लिहिला, पण जाताना ऊन लागतंय म्हणत डोक्याला रुमाल बांधून गेला.