निळ्या केसांची कोहारू आणि राणीचं दूध

एकदा काय झालं... थांबा, आधी हं म्हणा. हं म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, किती वेळा सांगायचं? मल्हार, तोंडावरचं पांघरूण काढ. पांघरुणातून आलेला हुंकार मी धरत नाही. रेणू, तूही म्हण. हां, आता कसं!

तर एक होतं राज्य. समुद्राला चिकटलेलं, एवढंसं. तिथे होता एक राजा, एक राणी, राजाची थोरली बहीण आत्याबाई आणि राजाराणीची एकुलती एक लेक बकुळा. एक म्हातारा हत्तीपण होता, पण तो आपल्या गोष्टीत येत नाही. त्याचं नाव विचारू नका.

बकुळा लहान होती तेव्हा आत्याबाई तिला गोष्टी सांगायच्या. बकुळा पेंगली, हुंकार द्यायला विसरली, की आत्याबाई तिला कोपराने ढोसायच्या. म्हणायच्या, "हं म्हण गं! नाहीतर गोष्टीतला वाटसरू तिथंच उभा राहतो बिचारा." ही रीत लक्षात ठेवा, बरं का.

मग एके दिवशी बंदरात गलबत लागलं. उगवतीकडच्या बेटांवरून आलेलं. त्यात होती एक म्हातारी चितारीण, तापाने फणफणलेली. बकुळेने तिला रोज गुरगुट्या भात आणि मेतकूट नेऊन भरवलं. म्हातारी बरी झाली. जाताना तिने बकुळेला एक लाकडी पेटी दिली. म्हणाली, "मुली, दिवेलागणीला ही पांढऱ्या भिंतीसमोर ठेव आणि झाकण उघड."

बकुळेने उघडलं. मग काय झालं? पेटीतून उजेड पडला आणि भिंतीवर चित्रं चालायला लागली! झाडाचं पान गळलं तर गिरक्या घेत खाली येई. वारा सुटला तर गवत लवे. आणि माणसं तरी कशी? डोळे बशीएवढाले, केस कुणाचे निळे, कुणाचे गुलाबी. बोलायची त्यांच्या भाषेत आणि खाली अक्षरं उमटायची आपल्या भाषेत. तुम्ही नाही का त्या टॅबमध्ये नाकं खुपसून बघत, काय ते, ॲनिमे! अगदी तस्संच. कार्टून म्हटलं की तुमचे गाल फुगतात, म्हणून मी ॲनिमे म्हणते.

त्या चित्रांत होती निळ्या केसांची एक मुलगी. तिचं नाव कोहारू. तिच्या गावच्या देवळातल्या घंटेचा आवाज हरवला होता. घंटा वाजेना, म्हणून गावात सकाळच होईना. सगळे अंधारात चाचपडत बसलेले. मग कोहारूने काय केलं, ती थोरली घंटा पाठीला बांधली आणि निघाली ढगांच्या डोंगरावर, आवाज परत आणायला.

रोज संध्याकाळी थोडी थोडी गोष्ट दिसायची. बकुळा तर खुळावलीच. जेवताना कोहारू, न्हाताना कोहारू. एकदा तिने केसांना निळी शाई चोपडली. राणीने तिला विहिरीवर नेऊन असं घासलं म्हणता, की निळं गेलं आणि थोडे केसही गेले.

पण एक गोम होती. म्हातारीने जाताना बजावलं होतं, "शेवटचा भाग एकटीला दिसणार नाही. घरातली सगळी माणसं जवळ बसली पाहिजेत. मध्येच कुणी उठलं, तर चित्रं तिथंच थांबतील. तीनदा कुणी उठलं, तर पेटीत उरतील नुसते कोरे कागद." बकुळेने विचारलं, "असं का?" म्हातारी म्हणाली, "मी आयुष्यभर चित्रं काढली, ती एकेकट्याने कोपऱ्यात बसून बघायला नाही काढली."

आणि शेवटच्या भागाच्या आधी कोहारू कुठे थांबली होती? खोल दरीवरच्या दोरांच्या पुलाशी. फळ्या निखळलेल्या, पलीकडे डोंगर. तिने पाऊल उचललं होतं आणि ते तसंच अधांतरी राहिलं होतं. तीनदा मोडता आला, तर ते पाऊल कधीच खाली टेकणार नव्हतं. आता बकुळेला झोप लागेल का सांगा? हं म्हणा. नाही लागणार.

मग बकुळेने घरच्यांना बोलावलं. राजा म्हणाला, "आलोच." हे आलोच म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो येईतो समया दोनदा पुसून झाल्या. राणी आली ती घेवड्याची परडी घेऊन, शेंगा मोडायला. आत्याबाई आल्या कापूस घेऊन, वाती वळायला. बकुळा म्हणाली, "आत्या, नुसतं बघायचंय." आत्याबाई म्हणाल्या, "रिकाम्या हाताने मला बसवत नाही बाई."

पेटी उघडली. कोहारू दिसली. लगेच राजाने विचारलं, "हिचे केस निळे का? विषबाधा झाली का काय?"

"आबासाहेब, तिथे तसेच असतात."

"वैद्याला दाखवलं होतं का पण?"

राणी म्हणाली, "एवढीशी पोर एकटी डोंगरात? हिच्या आईला काही काळजी?"

"पुढे कळेल, आईसाहेब. बघा ना!"

"अगं, ही अक्षरं पळतायत," आत्याबाई म्हणाल्या. "मी वाचू का बघू?"

मग बकुळा मोठ्याने वाचून दाखवायला लागली. वाचता वाचता घसा बसला. पाऊल आता टेकणार, एवढ्यात राणीने नाक वर केलं. "अगंबाई, दूध!" म्हणाली आणि उठून पळाली. मुदपाकखान्यात आचारी होते, पण दूध ती स्वतःच तापवायची. दुधाच्या बाबतीत कुठलीच बाई दुसऱ्यावर विसंबत नाही. झालं! चित्र थिजलं. एक संधी गेली.

दुसऱ्या संध्याकाळी बकुळेने दूध आधीच तापवून घेतलं. घेवडा लपवला. मग सगळ्यांना बसवून मागची सगळी गोष्ट समजावून सांगितली. घंटा कुणाची, अंधार का पडला, वाटेत भेटलेला तो एका कानाचा बिज्जू, म्हणजे ते अस्वलासारखं बुटकं जनावर, कोण. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटी उघडली आणि राजा म्हणाला, "ही निळी मुलगी कोण?"

बकुळेने कपाळावर हात मारला.

तरी तिने पुन्हा सांगितलं. मग पुलाच्या त्या टोकाला एक राखणदार राक्षस आला. कोहारूने काठी उगारली. राजाला कुठलं राहवतंय! "अरे, काठी अशी धरतात का? खांदा बघ, खांदा!" असं म्हणत तो ताडकन उठला आणि उजेडाच्या मध्ये उभा राहून तलवारीचे हात करायला लागला. भिंतभर राजाची सावली. राक्षस दिसेना, पूल दिसेना, काही दिसेना. दुसरी संधी गेली.

मग मात्र बकुळेचा बांध फुटला. ती म्हणाली, "आबासाहेब, तुमच्या त्या खिंडीतल्या लढाईची गोष्ट मी जन्मापासून ऐकतेय. दर सणाला ऐकते. एकदा तरी उठले का? आईसाहेब, तुमच्या माहेरच्या आंब्याच्या गोष्टी ऐकल्या. आत्या, तुमची तर सगळी व्रतं मला पाठ आहेत. आणि मला एक गोष्ट आवडली, ती तुम्हाला घटकाभर बसून बघवत नाही!"

मग राजाने हळूच विचारलं, "पण बाळ, तुला हे एवढं आवडतं तरी का?"

इतक्या दिवसांत कुणी हे विचारलंच नव्हतं. बकुळेच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "ती एवढीशी आहे आणि घंटा एवढी मोठी आहे. तरी ती जाते. आणि आता ती पुलावर अडकलीय, तुमच्यामुळे!"

आत्याबाईंनी वातीचा कापूस उगाचच पिंजला.

आता उरली तिसरी संधी, म्हणजे शेवटची. बकुळेने यावेळी कडेकोट बंदोबस्त केला. राजाची तलवार कुलपात. कापूस माळ्यावर. दूध? राणी म्हणाली, "तापवून ठेवलं गं, बाई!" आणि बकुळेने आणखी एक युक्ती काढली. प्रत्येकाच्या हातात पाण्याचं फुलपात्र दिलं आणि म्हणाली, "तोंडात पाण्याची गुळणी धरायची. गिळायची नाही, थुंकायची नाही. बघू कोण बोलतं ते!"

हसू नका. राजा, राणी आणि आत्याबाई तिघंही गाल फुगवून ओळीने बसले. बेडकांसारखे.

पेटी उघडली. भिंतीवर पूल आला. कोहारू आली. पाऊल उचललं. आणि थांबली.

कुणीही उठलं नव्हतं, तरी थांबली! कोहारूने मान वळवली आणि ते बशीएवढे डोळे भिंतीतून थेट दालनात लावले. एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. कुणी काही म्हणेना. तिच्या कडा पुसट व्हायला लागल्या. निळे केस आधी राखाडी झाले, मग पांढुरके. आता कोरा कागदच व्हायचा बाकी राहिला.

आणि फुर्रर! आत्याबाईंच्या तोंडातलं पाणी राजाच्या मांडीवर. आत्याबाई ओरडल्या, "अगं, हं म्हणा कुणीतरी! हुंकाराशिवाय पोर पुढे जाईल कशी? हं, कोहारू, हं! चल पुढे!"

तेवढं म्हटलं मात्र, कोहारूने पाऊल टेकलं. केस पुन्हा निळेभोर. बकुळेने जीभ चावली. म्हातारीने उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बोलायचं नाही, असं तिने कुठे सांगितलं होतं? ते बकुळेचं स्वतःचंच शहाणपण!

मग काय विचारता! राजाने गुळणी घटकन गिळली आणि ओरडला, "हं! डावा दोर धर, डावा! उजवा कुजलाय!" कोहारूने डावा धरला. आत्याबाई राक्षसाला म्हणाल्या, "मेल्या, तुला आया-बहिणी नाहीत का?" तो ओशाळून बाजूला झाला. राजाला उठावंसं वाटत होतं, पण तो स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

पुलाच्या मधोमध पायाखालची फळी मोडली. कोहारू एका हाताने लोंबकळली, पाठीवर ती घंटा. आणि नेमका त्याच वेळी दुधाचा वास आला.

हो, दुधाचा! सांजेची धार निघाली होती ना. राणीला ती तशीच ठेववेना, म्हणून तिने ते दूधही गुपचूप चुलीवर चढवलं होतं. काय म्हणावं या बाईला! तिचं नाक वर झालं. ती अर्धी उठली. बकुळा नुसती आईकडे बघत राहिली.

राणीने दाराकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. आणि पुन्हा मांडी ठोकून बसली. म्हणाली, "जाऊ दे दूध. हं, कोहारू, पकड घट्ट. सोडू नकोस, बाळा."

बकुळेने आईचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात दूध उतू जायला आलं होतं आणि राणी बसून होती. बकुळेला दुसरं काही नकोच होतं.

मग कोहारू वर आली. डोंगरावर पोचली. तिथे ढगांनी घंटेत फुंकर घातली आणि घंटा वाजली. टण्णकन! तो नाद भिंतीतून बाहेर आला, दालनात घुमला, मांडणीवरची भांडी किणकिणली. तिकडे कोहारूच्या गावात सकाळ झाली. इकडे दालनात सगळे रडले. राजा सगळ्यात जास्त रडला आणि म्हणाला, डोळ्यांत धूर गेला.

नंतर राणी चुलीकडे धावली. बघते तर काय? दूध पातेल्याच्या काठापर्यंत येऊन उभं राहिलेलं. फुगलेलं, थरथरणारं, पण एक थेंब सांडला नव्हता. तेही हुंकार देत थांबलं होतं म्हणे.

मग सगळे सुखाने राहिले का? राहिले, पण बकुळेच्या डोक्याचा ताप गेला नाही. पुढच्या गलबतातून म्हातारीने नवी पेटी धाडली. बकुळा मैत्रिणीकडे गेली होती. परत येते तर राजा, राणी, आत्याबाई पेटी उघडून अर्ध्यावर पोचलेले! वर राजा म्हणतो, "तू बस, मागचं मी सांगतो तुला." आणि सांगितलं ते सगळं चुकीचं. बकुळेने पुन्हा कपाळावर हात मारला आणि आईच्या मांडीशी जागा करून बसली.

पेटी मिटली, समई निवली, गोष्ट निजली. तुम्हीही निजा.

काय म्हणतेस, रेणू? हो गं, उद्या संध्याकाळी लावा तुमचं ते ॲनिमे. मी येऊन बसते. पण आधीच सांगते, मी बोलणार. कोण कुणाचं, ते विचारणार. आणि माझं दूध तेवढं आधी तापवून ठेवा.

हं म्हणा की. मल्हार? रेणू?

झोपली वाटतं.