शेंदूर लावलेला खड्डा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत, आणि मनात आलं तर माणसं ऐकतही असत.

नदीकाठच्या एका गावात सगळ्यांचं मिळून एकच गुऱ्हाळ होतं. ऊस तयार झाला की घरोघरची पाळी लागायची. बैल चरक फिरवायचे, काहिलीत रस उकळायचा, आणि ज्याची पाळी असेल त्याचा गूळ व्हायचा. बाकीचे मदतीला. जागा सगळ्यांची होती, म्हणून तिथला कचरा कुणाचाच नव्हता. उसाचा पाला, काहिलीवरून काढलेली मळी, फुटक्या घागरींची खापरं, कोयत्यांची मोडकी टोकं, सगळं एकाच ढिगात जायचं. दुपारी चरकाचे सुटलेले बैल त्याच ढिगातला पाला खायचे.

गावात एक बाई राहायची. नवरा मागेच गेला होता, मूलबाळ नव्हतं. होती ती एक बैलजोडी. ज्यांच्याकडे बैल नसत, त्यांच्या पाळीला ही जोडी जायची आणि त्या बदल्यात बाईच्या घरी धान्य यायचं. एका हंगामात जोडीतला एक बैल पाला खाता खाता खाली बसला, तो उठलाच नाही. त्याच्या पोटात कोयत्याचं टोक गेलं होतं.

मागे राहिला चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. आता त्याच्या एका मानेवर दोघांचं पोट होतं. तो नुसता खोकला तरी बाई दचकून उठायची.

पुढच्या हंगामात, चुलवण पेटायच्या आधी, ती गावापुढे उभी राहिली.

"मी फार काही मागत नाही. तीन जागा करू या. पाला एकीकडे, तो जनावरांचा. मळी, शेण, राख दुसरीकडे, त्याचं खत होईल. आणि टोचणारं, कापणारं सगळं मी खणलेल्या या खड्ड्यात टाकू. लोखंड लोहारदादा परत घडवतील, खापरं वाटेवरच्या चिखलात घालता येतील."

"म्हणजे आता कचऱ्याच्याही पंगती मांडायच्या म्हणा की, वहिनी!" गुळव्या म्हणाला. गूळ करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि थट्टेतही नव्हता. सगळे हसले. पण नाही कुणी म्हणालं नाही. बैल मेलेला सगळ्यांनी पाहिला होता.

सुरुवातीला लोकांनी नीट पाळलं. मग कुणी म्हणालं, "एवढंसं तर खापर आहे." कुणी म्हणालं, "वहिनी आहेत की वेचायला." आणि खरंच, काम संपलं की बाई पाल्याच्या ढिगापाशी बसून एकेक तुकडा वेचायची. तिची बोटं कापून निघाली.

"तू कशाला वेचतेस?" चांद्यानं विचारलं. "टाकणाऱ्याला सांग की."

"सांगितलं रे. हो म्हणतात."

"मग?"

"हो म्हणतात, एवढंच."

शेवटी ती गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांकडे गेली. ते म्हणाले, "पोरी, लोक माणसाचं ऐकत नाहीत. खड्ड्यापाशी एक दगड ठेव आणि त्याला शेंदूर लाव. मग बघ."

तिनं तसं केलं.

दुसऱ्या दिवशी पहिलाच माणूस आला, त्यानं वहाणा काढल्या आणि हात जोडले. देव कधी आला, कसा आला, कुणीच विचारलं नाही. कुणी फूल वाहिलं. गुळव्यानं पहिली काहील चढवायच्या आधी नारळ फोडला. आता खड्ड्याची थट्टा कुणी करेना. बाईला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मग तिच्या लक्षात आलं, की खड्डा स्वच्छ आहे. काठाला सडा घातलाय आणि आत एक खापर नाही. आधी तिला बरं वाटलं. मग ती काठावरून आत वाकून पाहू लागली. खापरं जातायत कुठं?

तेवढ्यात एक म्हातारी फुटकी घागर घेऊन आली. दगडाला नमस्कार केला, वळली, आणि खापरं पाल्याच्या ढिगात टाकून मोकळी झाली.

"मावशी! खड्डा तो आहे ना!"

"अगं, देवाच्या जागेत फुटकं टाकू? काही रीतभात?"

"देव नाही हो तो! दगड मी ठेवलाय. शेंदूरही मीच लावलाय!"

गुळव्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं.

"दुःखानं माणूस काहीबाही बोलतं, वहिनी," तो हळूच म्हणाला. "पण देवाला नावं ठेवू नयेत. काही दिवस घरी राहा. इथं येऊ नका."

"आणि चांद्या?"

"त्याला मात्र पाठवा. पाळी कुणाची थांबायची नाही."

घरात दाणा नव्हता. न पाठवून करते काय?

"घाबरू नकोस," जाताना चांद्या म्हणाला. "मी बघून खाईन."

दुपारी तिला बोलवायला माणूस आला. ती पळत गेली. चांद्या ढिगापाशी खाली बसला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बघूनच खात होतो गं," तो म्हणाला. "पण उन्हात पाला आणि पातं सारखंच चमकतं."

मग तो काही बोलला नाही.

गाव मनापासून रडलं. गुळव्या तर सगळ्यात जास्त. त्यांनी चांद्याला त्या खड्ड्याशेजारीच पुरलं, वर दगड ठेवला आणि त्यालाही शेंदूर लावला. गुळव्यानं नारळ फोडला आणि सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. फुटक्या करवंटीचे टोकदार तुकडे तेवढे त्याच्या हातात उरले. त्यानं इकडे पाहिलं, इकडे देव होता. तिकडे पाहिलं, तिकडे चांद्या होता. दोन्ही जागा पवित्र.

म्हणून त्यानं ते तुकडे पाल्याच्या ढिगात टाकले. तिथं दुपारचे सुटलेले बैल खात होते.

बाईनं ते पाहिलं. या वेळी ती ओरडली नाही. ओरडून सांगावं असं तिच्यापाशी आता काही उरलं नव्हतं.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवायचं ते इतकंच: ज्या नियमाला आपण नुसते हात जोडून उभे राहतो, तो पाळायला आपले हात मोकळे राहत नाहीत.